चौथा रकाना

आजोबांची शब्दार्थांची वही माझ्याकडे आहे. रोजकीर्दीच्या वहीसारखी लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. त्या कापडाचा रंग आता वाळलेल्या आमसुलासारखा झाला आहे. आत सुरुवातीच्या पानांवर टाकाने आखलेले तीन रकाने आहेत. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचा देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात मराठी अर्थ. शाई तपकिरी पडली असली तरी अक्षर अजून वाचता येतं, कारण आजोबा प्रत्येक अक्षर सुटं, गोल काढायचे. परकी वस्तू घरात ठेवताना जपून ठेवावी तसं.

ही वही मोठ्याने म्हणण्यासाठी होती. आत्या सांगते, मे महिन्यात आजोबा मुंबईहून गावी आले की पहाटे ओटीवर येरझाऱ्या घालत त्यांचं पाठांतर चालायचं. ‘पी ए टी आय ई एन सी ई पेशन्स, पेशन्स म्हणजे धीर.’ आधी एकेक अक्षर, मग शब्द, मग पुन्हा शब्द, मग ‘म्हणजे’, आणि शेवटी अर्थ. आत्याला एबीसीडी यायच्या आधी हा ठेका पाठ झाला होता. तिला वाटायचं, ‘म्हणजे’ हाही इंग्रजीच शब्द असावा, इतका तो दर ओळीत यायचा.

आजोबा मराठी सातवी होते. त्या काळी तिला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत. लोक नुसतं ‘फायनल’ म्हणत. फायनल झालेला माणूस गावात मास्तर होऊ शकायचा, पण मुंबईच्या कचेरीत त्याला पट्टेवाल्याच्या पुढे वाट नव्हती. इंग्रजीची वाट निराळी होती. मराठी चौथी झाली की ‘इंग्रजी पहिली’ सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. पण इंग्रजी शाळा तालुक्याला किंवा त्याहून लांब, आणि फी कुणाच्या खिशाला परवडणारी? म्हणून आजोबा फायनल होऊन विजयदुर्गाहून आगबोटीत बसले, मुंबईला गाववाल्यांच्या खोलीत उतरले, एका कचेरीत पट्टेवाला झाले आणि संध्याकाळी रात्रशाळेत जाऊ लागले. तिथे त्यांच्या हातात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पडली.

माझ्या आणि त्याआधीच्या पिढ्यांच्या कितीतरी घरांत या पुस्तकाचं नाव वडीलधाऱ्या माणसासारखं घेतलं जायचं. नुसतं ‘तर्खडकर’. ‘तर्खडकर झालेत का?’ असं विचारायचे. पाठात आधी शब्द आणि त्यांचे अर्थ, मग त्याच शब्दांची वाक्यं. इंग्रजीतून मराठीत करायची, मराठीतून इंग्रजीत करायची. पुढे शिकलेल्या लोकांनी अशा इंग्रजीला ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणून नावं ठेवली. पण ज्याच्या घरात, गल्लीत, बाजारात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नव्हता, त्याने ती भाषा दुसऱ्या कुठल्या दाराने आत आणायची होती? त्याच्यापाशी एकच भाषा होती, मराठी. तिच्याच खुंटीवर त्याला प्रत्येक नवा शब्द टांगावा लागला. मला हे दुबळं वाटत नाही. दिवसभर लोकांच्या फायली उचलून रात्री दिव्याखाली दहा शब्द पाठ करणारी ती माणसं मला फार मोठी वाटतात.

आजोबांना एका गोष्टीचा अभिमान होता आणि ती ते वारंवार सांगत. बाळशास्त्री जांभेकर आपल्याच बाजूचे, पोंभुर्ल्याचे. पोंभुर्लं आमच्या गावापासून फार लांब नाही. विशीतल्या बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ला मुंबईत ‘दर्पण’ काढलं, तेव्हा त्याच्या पानावर दोन स्तंभ शेजारी शेजारी होते, एक मराठी आणि एक इंग्रजी. एकच मजकूर दोन भाषांत. आजोबा म्हणत, ‘माझ्या वहीत जे आहे तेच त्यात होतं. फक्त त्यांचे रकाने रुंद होते.’ लहानपणी मला ही नुसती गोष्ट वाटायची. मोठेपणी ‘दर्पण’च्या पानाचं छायाचित्र पाहिलं आणि आजोबांचं म्हणणं पटलं. डोळा डावीकडून उजवीकडे गेला की भाषा बदलते, आणि अडलं की परत आपल्या भाषेत येता येतं. परतीची वाट मोकळी असली की माणूस धीटपणे पुढे जातो.

हीच मेहनत उलट्या बाजूनेही चालली होती. जेम्स थॉमस मोल्सवर्थ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी पंडितांना हाताशी घेऊन मराठी शब्द गोळा करत होता. १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, सुमारे ४०,००० शब्दांचा. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे ६०,००० झाले. मधल्या काळात, १८४७ साली, इंग्रजी-मराठी कोशही आला. तो मोल्सवर्थने सुरू केला होता आणि टॉमस कँडीने पुरा केला. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळवणारा हाच कँडी. मोल्सवर्थचा कोश उघडला की मी तासन्‌तास त्यातच राहते. कुठला शब्द संस्कृतातून आला, कुठला फारसीतून, कुठला कोकणात चालतो, याच्या खुणा त्यात आहेत. नुसता अर्थ देऊन तो थांबत नाही. शब्द कुठल्या म्हणीत येतो, कुणाबद्दल वापरतात, रागाने की मायेने, तेही सांगतो. परक्या माणसाला आपली भाषा शिकायची होती तेव्हा त्यालाही एका शब्दासमोर एक शब्द पुरला नाही.

हे आजोबांना कळलं ते फार दुखावले गेल्यावर.

रात्रशाळेची तीन वर्षं झाली तेव्हा कचेरीत कारकुनाची एक जागा निघाली. आजोबांनी इंग्रजीत अर्ज लिहिला. आपल्याला पुस्तकी इंग्रजी येत नाही, पण व्यवहारापुरतं येतं, असं त्यांना लिहायचं होतं. ‘व्यवहारी’ला इंग्रजी शब्द त्यांना ठाऊक होता. गणितात व्यवहारी अपूर्णांक होते आणि रात्रशाळेच्या इंग्रजी पुस्तकात त्यांना ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ म्हटलेलं होतं. म्हणजे व्हल्गर म्हणजे व्यवहारी. त्यांनी सरळ लिहिलं की मला व्हल्गर इंग्रजी चांगलं येतं.

तो अर्ज टेबलाटेबलांवरून फिरला. लोक हसले. कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि आजोबा त्या वेळी पाण्याचे पेले घेऊन त्याच खोलीत उभे होते. त्यांचं काय चुकलं होतं? शब्दाचा जुना अर्थ त्यांना बरोबर सापडला होता. लॅटिनमध्ये त्या शब्दाचं मूळ ‘सामान्य जनता’ असंच आहे आणि गणिताने तो जुना अर्थ जपून ठेवला आहे. पण गणिताबाहेर शब्द सरकत सरकत ‘असभ्य’पर्यंत येऊन पोचला होता, आणि हे त्यांच्या तिसऱ्या रकान्यात मावलं नव्हतं. ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जायचं त्यांना ते न शिकवता ठाऊक होतं. शब्द पुस्तकातून मिळतो, त्याची चालरीत मात्र संगतीतून कळते. आजोबांना ती संगत नव्हती.

त्या वर्षी गणपतीत ते गावी आले ते वही न उघडता. आजीने एक दिवस पाहिलं, दोन दिवस पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी चुलीपाशी पेज ओतताना विचारलं, ‘आज अक्षरां म्हणूची नाय?’ तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

आजीला इंग्रजी सोडाच, मराठी अक्षरही येत नव्हतं. पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली १८४८ साली. सावित्रीबाईंनी १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माउली म्हटलं, शिका म्हणून साद घातली. पण ती साद पाऊणशे वर्षांनीही आजीच्या गावापर्यंत पोचलेली नव्हती. तरी तिने जे विचारलं ते रात्रशाळेत कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही अर्थ म्हणता तो मला कळतो, ‘पण कोणासारखो ता सांगा.’ लोभी म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, तो कोणासारखा? धीर म्हणजे ठाऊक आहे, तो कोणासारखा?

आत्या म्हणते, आजोबा बराच वेळ गप्प बसले, मग उठून वही आणली आणि तिसऱ्या रकान्याच्या पुढे चौथी रेघ मारली. पुढची सगळी पानं चार रकान्यांची आहेत. ऑनेस्ट, प्रामाणिक: मनीऑर्डर आणणारा पोस्टमन. ग्रीडी, हावरा: आपला काळा बोका. एम्प्टी, रिकामा: श्रावणातली कणगी. होप, आशा: आंब्याचा मोहर. स्टबर्न, हट्टी: धाकटी. ही धाकटी म्हणजे माझी आत्या. नव्वदीला टेकली तरी त्या नोंदीवर बोट ठेवून ती ताठ बसते.

श्रावणातली कणगी ज्याने पाहिली आहे त्याला ‘एम्प्टी’ हा शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही. भात कापणीला अजून महिने आहेत, गेल्या वर्षीचं तळाला गेलं आहे, आणि कणगीत हात घातला की बांबूच्या विणीला नखं लागतात. शब्द त्या आवाजाला चिकटतो. मोहराचंही तसंच. देवगडच्या माणसाला आशा नुसती गोड वाटत नाही. एका रात्रीच्या धुक्याने मोहर काळा पडू शकतो, हे त्याने पाहिलेलं असतं. ‘होप’मधली धाकधूक आजोबांना कोशाने दिली नाही, परड्यातल्या कलमाने दिली.

या चौथ्या रकान्याच्या जोरावर आजोबा पुढे कारकून झाले. त्यांचं इंग्रजी अखेरपर्यंत थोडं होतं, पण जेवढं होतं तेवढं त्यांचं होतं.

आमच्या लोकांनी इंग्रजी शब्द आपलेसे केले ते वहीतच केले असंही नाही. ज्यांनी कधी पाटी धरली नाही त्यांनी ते जिभेवर घोळवून घडवले. प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, बॉटलची बाटली, टंबलरचं टमरेल, रिक्रूटचा रंगरूट, लॉर्डचा लाटसाहेब. जिथे शब्द तोंडात बसेना तिथे डोळ्यांना दिसलं त्यावरून नाव पडलं. आगीवर चालणारी गाडी ती आगगाडी, पाण्यावरची ती आगबोट. आगबोटीत तर आग आपली आणि बोट साहेबाची. ही देवघेव आमच्या कलमबागांतही आहे. ज्या हापूसवर आमचं घर चाललं त्याचं नाव अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आलेलं. आणि परड्यातून तुरुतुरु जाणारं मुंगूस इंग्रजीत जाऊन ‘मंगूस’ झालं. तो शब्द मराठीतून घेतल्याचं इंग्रजी कोशच सांगतात. शब्दांचं येणं-जाणं असं दोन्ही बाजूंनी असतं, हे कळलं की इंग्रजीपुढे मान खाली घालावीशी वाटत नाही.

बाबांच्या वेळी काळ बदलला होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होऊ लागलं. बाबा आठवीत गेले तेव्हा त्यांना मिसरूड फुटायला आलं होतं आणि हातात एबीसीडी होती. अकरावीच्या एसएस्सीपर्यंत चारच वर्षं. एवढ्यात शब्द साठवायचे कसे? त्यांच्या नशिबाने त्यांना संस्कृत जाणणारे एक मास्तर मिळाले. बाबा त्यांची आठवण काढताना अजूनही उभे राहतात.

मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर बैलगाडी काढली. चाकाकडे खडू नेऊन लिहिलं ‘व्हील’ आणि शेजारी ‘चक्र’. चाकाच्या आसाशी ‘ॲक्सल’ आणि ‘अक्ष’. बैलांच्या मानेवरच्या जुवाशी ‘योक’ आणि ‘युग’. मागे शाळेच्या दाराकडे बोट दाखवून ‘डोअर’ आणि ‘द्वार’. मग सांगितलं की हे शब्द एकमेकांचे नुसते अर्थ नाहीत, ते भाऊबंद आहेत. हजारो वर्षांमागे एकाच घरातून निघालेले. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं सांगितलं, ती हकीकत त्यांनी सांगितली. ज्या मुलांच्या घरी बैलगाडी होती ती संध्याकाळी घरी गेली आणि गाडीकडे पाहत उभी राहिली. बाबा त्यांतलेच एक. इंग्रजी भाषा आपल्या गोठ्याशी उभी आहे असं त्यांना वाटलं.

मग मास्तर धातूंकडे वळले. संस्कृतात हृ म्हणजे नेणे. त्याला उपसर्ग लावले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. लॅटिनमध्ये पोर्ट म्हणजे वाहून नेणे. आत आणलं तर इंपोर्ट, बाहेर नेलं तर एक्स्पोर्ट, पलीकडे नेलं तर ट्रान्स्पोर्ट, आणि वाहणारा तो पोर्टर. स्पेक्ट म्हणजे पाहणे. आत डोकावून पाहिलं की इन्स्पेक्ट, मागे वळून आदराने पाहिलं की रिस्पेक्ट, खालून चोरून पाहिलं की सस्पेक्ट. आणि हा स्पेक्ट आपल्या ‘स्पष्ट’चा नातेवाईक, स्पष्ट म्हणजे जे दिसतं ते. बाबा म्हणतात, त्या दिवसापासून मी शब्द मोजणं सोडलं, घराणी मोजू लागलो.

आजोबांच्या चौथ्या रकान्यात माणसं होती, बाबांच्या डोक्यात वंशावळी. मला पाचवीपासून इंग्रजी होतं, मला दोन्ही मिळालं. माझी मुलगी शाळेत गेली तेव्हा महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं होतं. ते २०००-०१ पासून लागू झालं. तिला शब्दांचं भय नव्हतं. ते टीव्हीतून, पाटीवरून, वेष्टनावरून तिच्याकडे आपोआप येत होते. आजोबांना जी संगत मिळाली नाही ती तिला जन्मतः मिळाली. पण एका संध्याकाळी शब्दार्थ पाठ करताना ती म्हणाली, ‘योक म्हणजे जू.’ आणि थांबून विचारलं, ‘आई, जू म्हणजे काय?’

मी हातातलं काम ठेवलं. आजोबांच्या वहीत पहिला रकाना परका होता आणि तिसरा घरचा. माझ्या लेकीच्या वहीत तिसराही परका झाला होता. अनोळखी शब्दासमोर दुसरा अनोळखी शब्द ठेवून ती पाठ करत होती, आणि परीक्षेत तिला त्याचे गुण मिळणार होते. ‘म्हणजे’ हा शब्द जुवासारखाच आहे, दोन भाषांच्या मानेवर ठेवलेला. एक बैल बसला तर दुसरा कितीही तगडा असो, गाडी पुढे जात नाही. इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवायची तर मराठी पातळ करून चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या सुट्टीत मी तिला गावी घेऊन गेले. रिकाम्या गोठ्यात भिंतीला टांगलेलं जुनं जू खाली काढलं. बैलांच्या मानेने घासून ते जिथे गुळगुळीत झालं होतं तिथे तिने हात फिरवला, आणि मग ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. ते तिच्याने उचलेना. योकमध्ये वजन असतं, हे तिला आता कुठल्याच पुस्तकात शोधावं लागणार नाही.

आजकालची मुलं मोबाईलवर रोज दहा शब्द शिकतात. शिकावेत. पाठांतराला मी कधी हिणवणार नाही. शब्द आधी तोंडात बसला पाहिजे. पण कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की वहीत एक रेघ जास्त मारा. शब्द कुणासारखा, कशासारखा, तुमच्या घरात तो कुठे राहतो, ते लिहा. ती जागा रिकामी राहिली तर तो शब्द अजून आलेला नाही.

वहीतली सगळ्यांत जुनी चार रकान्यांची नोंद मी फार उशिरा वाचली. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आजी ऐंशीची होती. पावसाळ्यात ओटीवर तिच्याशेजारी बसून मी वही चाळत होते. पेशन्स, धीर, आणि चौथ्या रकान्यात दोनच खुणा: ह, त्याला वेलांटी. ‘ही’. आजोबांनी आजीचं नाव कधी घेतलं नव्हतं, त्या पिढीत कुणी घेत नसे. मुंबईत ते वर्षाचे अकरा महिने असायचे आणि ती इथे, शेत, सासू, पोरं आणि गुरं सांभाळत. मी मोठ्याने वाचलं. पी ए टी आय ई एन सी ई पेशन्स, पेशन्स म्हणजे धीर, कोणासारखा, तर ‘ही’.

‘ही म्हणजे कोण गो?’ आजीने विचारलं.

‘तू,’ मी म्हटलं.

ती बराच वेळ पागोळ्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘धीर कसलो? दुसरा काय करूचा होता?’

मी पेन घेतलं आणि आजोबांच्या ‘ही’पुढे, जागा होती तेवढ्यात, तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहून ठेवले.